उजव्या हाताचा कफ

१

सोमवारी गल्लीतली धुणी गोळा करायची. मंगळवारी भट्टी. बुधवारी सकाळी पांझरा नदीवर जाऊन ऊन चढायच्या आत आपटून वाळत टाकायची. गुरुवारी खळ आणि इस्तरी. शुक्रवारी ज्याची त्याला. माझ्या बापानं हा क्रम कधी मोडला नाही, मीही चाळीस वर्षं मोडला नाही. आता गुडघ्यांनी मोडला, ती गोष्ट वेगळी.

परवा कोर्टातला एक नवा कारकून आमच्या ओट्यावर येऊन टेकला. लग्न ठरलंय त्याचं. म्हणाला, "अभिमन आबा, तुम्ही जुन्या वकिलांचे कपडे केलेत. डबल कफाचा शर्ट शिवू का? ती चांदीची सुटी बटणं लावून? की उगाच खर्च?"

मी म्हणालो, "शोभतो बाबा. हाताला वजन येतं."

तो खूश होऊन उठला. चार पावलं गेला तेव्हा मला राहवलं नाही. हाक मारून विचारलं, "लावून कोण देणार?"

तो हसला. म्हाताऱ्याला लग्नाची थट्टा सुचली असं वाटलं त्याला.

ज्यांनी तो शर्ट पाहिला नसेल त्यांना सांगतो. त्याच्या बाहीचं टोक दुप्पट लांब असतं. ते उलटं दुमडायचं, म्हणजे चार काजं एकावर एक येतात. त्यांतून सुटं बटण आरपार घालायचं आणि मागची दांडी आडवी फिरवायची. खळ घातलेला कफ पत्र्यासारखा ताठ असतो. डाव्या हाताचा कफ माणूस उजव्या हातानं कसाबसा लावतो. उजव्या हाताचा डाव्यानं लावायचा म्हणजे दात लावावे लागतात. म्हणून असा शर्ट ज्या घरात, तिथं हात पुढे करून उभा राहणारा एक आणि लावून देणारं एक, अशी दोन माणसं लागतात.

२

रुपचंद वकील मारवाडी. बापाचं कापसाचं दुकान होतं, हे शिकून कोर्टात उभे राहिले. शांत माणूस. त्यांचे डबल कफाचे सहा शर्ट होते, मुंबईहून शिवून आणलेले. सहाही शर्टांच्या कॉलरीच्या आत माझी बिब्ब्याची खूण, तीन ठिपके.

बटणं लावायला सज्जनबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चुलीपुढून उठून येत. त्यामुळे दर आठवड्याला उजव्या कफावर हळदीचा एक अंगठा असायचा. लहानसा. त्यात मधोमध तिरकी पांढरी रेघ, कारण त्यांचा अंगठा कधीतरी विळीवर कापलेला होता. अकरा वर्षं मी तो अंगठा धुतला. हळदीचा डाग सोड्यात पडला की लालभडक होतो. नवा परीट घाबरतो. पण त्याला काही करायचं नसतं. उन्हात टाकला की आपला आपण उडून जातो.

मी कपडे घेऊन गेलो की वकील मला मोठ्यानं म्हणत, "अभिमन, बाईंना सांग जरा. हात धुऊन या म्हणावं."

आतून उत्तर येई, "मग एका हातानं लावा ना! लावून दाखवा!"

आणि त्यांचा चुडा वाजे. आमच्या बायकांच्या काचेच्या बांगड्या किणकिणतात. त्यांचा चुडा हस्तिदंती, पार कोपरापर्यंत. तो वाजला की लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा बसका आवाज यायचा.

कार्तिकात सज्जनबाई तापानं गेल्या. तीन दिवसांचं दुखणं.

३

चार महिने ते शर्ट धुण्यात आले नाहीत. एका बटणाचे साधे सदरे येत. शिमगा झाला आणि एका सोमवारी बोचक्यात डबल कफ दिसला. मला बरं वाटलं. माणूस सावरला म्हटलं.

मंगळवारी भट्टीसाठी कपडे निवडताना उजव्या कफावर हळदीचा अंगठा दिसला. मधोमध तिरकी रेघ.

मी म्हटलं, जुना असेल. त्या गेल्या तेव्हा न धुता राहिलेला शर्ट आता बाहेर आला असेल. माझी बायको भागाबाई शेजारी बसली होती. तिनं कफ नाकाशी धरला. "जुना कसाना? आजकालना शे. वास ले."

मग म्हटलं, स्वयंपाकाला कोणी बाई ठेवली असेल. विळीवर काय एकट्या सज्जनबाईंचाच अंगठा कापतो?

शुक्रवारी कपडे पोचवायला गेलो तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, स्वयंपाकाला कोणी ठेवलं का?"

"नाही रे. भावाकडून डबा येतो."

मी बसलो होतो तिथून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. बाहेरून कडी घातलेली. कडीवर धूळ होती. मी धुळीकडे बघतोय हे वकिलांनी पाहिलं आणि ते पुस्तक उघडून वाचू लागले.

पुढच्या आठवड्यात अंगठ्यासोबत एक बोट आलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात, कफाच्या मागच्या अंगाला, चार. बटण लावायला चार बोटं लागत नाहीत. मनगट धरायला लागतात. चैत्र लागला तशी उजव्या खांद्याची शिवण उसवून येऊ लागली. बगलेत नाही उसवत, तिथं घामानं कापड विरतं, ते मी समजू शकतो. ही वरून उसवायची, बाही कोणी खाली ओढावी तशी. भागाबाई शिवून द्यायची, पुढच्या सोमवारी तीच शिवण पुन्हा.

"वकील काय बैल हाकलस का?" ती म्हणाली. पण हसली नाही.

४

वैशाखातल्या एका सोमवारी शर्ट आला तो दोन्ही कफ बंद. चांदीची बटणं जागच्या जागी.

बटणं धुण्यात येत नाहीत. माणूस आधी ती काढतो, मग हात बाहेर काढतो. त्याशिवाय शर्ट निघतच नाही. मी माझी मूठ त्या कफात घालून पाहिली. मग बोटं मिटून, अंगठा तळव्यात दाबून पाहिलं. बोटांच्या मुळाशी हात अडकला. भागाबाईचा हात माझ्याहून लहान, तोही अडकला.

मी स्वतःला समजावलं की दुःखानं माणूस वाळतो. वकील वाळलेच होते. कोट आता खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा अंगावर. वाळलेल्या माणसाचा हात निघत असेल.

बटणं काढायला मला बराच वेळ लागला. ती काढून मी देवळीत ठेवली. शुक्रवारी परत द्यायची म्हणून.

५

आता लोटनचं सांगतो. लोटन माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा, मी बारा. त्याला मी अंगाखांद्यावर वाढवला. दिसायला देखणा, थोडा छानछोकीचा. त्या वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं, पारोळ्याच्या झुलाल परटाच्या कमलशी. माझ्यासाठी त्या लग्नापुढे जगात दुसरं काही नव्हतं. आईला दिलेला शब्द होता तो.

आमच्या जातीची एक खोड आहे, ती कबूल करतो. गिऱ्हाइकाचा चांगला कपडा लग्नाला अंगावर चढवायचा, चार दिवसांनी धुऊन, कडक इस्तरी करून परत. गिऱ्हाईकही ओळखतं, पण बोलत नाही. लोक थट्टा करतात, "परटानं लगीन म्हंजे बठ्ठा गावना कपडास्नं लगीन." इतरांच्या लग्नात आम्ही पायघड्या घालायच्या, मग आपल्या लग्नात एक दिवस आपणही त्यांवरून चालावं, असं वाटतं माणसाला.

गुरुवारी मी त्या शर्टाला इस्तरी केली आणि लोटननं तो उचलला.

"भाऊ, माले हाच जोयजे."

"दुसरा घे. पाटलाचा रेशमी आहे."

"पाटीलना सदराले ढेरी शे. मी त्यामा मावतच नही, हरपी जासू."

भागाबाई चुलीजवळून ओरडली, "मरेल बाईना घरना कपडा लगीनले? काही समज शे का तुले?"

"वहिनी, वकील जित्ता शे. सदरा त्याना शे, बाईना नही."

त्यानं शर्ट अंगावर धरला. पांढरा स्वच्छ. डाग उन्हात उडून गेले होते, शिवण भागाबाईनं घातली होती. मी बघत राहिलो. बोटांचं, शिवणीचं त्याला सांगावं असं मनात आलं. पण दिवसाउजेडी, इस्तरीच्या धगीत उभं राहून ते सांगायचं म्हणजे मलाच हसू आलं असतं. आणि खरं सांगतो, तो त्यात फार सुंदर दिसत होता. मी देवळीतली बटणं काढून त्याच्या हातावर ठेवली.

माझ्या हातानं ठेवली.

६

पारोळ्याला किल्ल्याच्या खंदकाजवळ एका घरात आम्हाला उतरवलं होतं. भर दुपार. वारा पडलेला. बायका पलीकडच्या घरी, पुरुष मांडवात. लोटन आतल्या खोलीत कपडे करत होता. मी बैलांना पाणी पाजायला गेलो आणि परत आलो तेव्हा आठवलं की त्याचा उजवा कफ त्याला लावता येणार नाही. भाऊ म्हणून मीच लावून द्यायला हवा.

दार अर्धं लोटलेलं होतं.

लोटन खोलीच्या मधोमध उभा होता. उजवा हात पुढे केलेला, कोपर जरासं वाकवून, बोटं सैल सोडून. आमच्या घरात कोणी असा हात कधी पुढे केला नव्हता. त्याला तो कोणी शिकवला नव्हता. मान थोडी खाली होती, समोरचं माणूस खांद्याएवढं असावं तशी.

कफाची दुमड सरळ झाली. तो हलला नव्हता.

मग तो आवाज आला. बसका, लाकडावर लाकूड ठेवल्यासारखा. पलीकडच्या घरात पन्नास बायकांच्या काचेच्या बांगड्या वाजत होत्या, त्यातून तो वेगळा ऐकू आला. त्याच्या बाहीच्या पांढऱ्यावर आणखी काहीतरी पांढरं होतं. मी दार ढकललं तेव्हा ते तिथं नव्हतं.

लोटननं वळून पाहिलं. गोंधळलेला दिसला. "तू आते बाहेरथून उना? मंग हाई कोनी लावं? तूच लावी दिधं ना?"

मी त्याचं मनगट धरून उजेडात आणलं. कफावर हळदीचा अंगठा. लग्नघर होतं, कालच हळद लागली होती, त्याचे स्वतःचे हात पिवळे होते. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं. पण अंगठ्यात तिरकी रेघ होती.

"सदरा काढ."

"भाऊ, घोडं उनं दारशी!"

मी बटण काढायला गेलो. दांडी फिरेना. आणि मी बघतोय तोवर त्याची बाही ताठ झाली. हात त्यानं ढिला सोडलेला, तरी बाही खोलीच्या कोपऱ्याकडे ताणली गेली आणि खांद्यावरची शिवण टक टक करत एकेक टाका सोडू लागली. लोटन एक पाऊल तिकडे सरकला. त्याला ते कळलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे बघून हसतच होता.

नवरदेवाची दाढी करून न्हाव्यानं वस्तरा कोनाड्यात ठेवला होता. मी तो घेतला आणि बाही मनगटावर कापली, मग खांद्यापर्यंत उभी फाडली. लोटन ओरडला, "येडा व्हयना का भाऊ?" माणसं धावत आली. दारात झुलाल, नवरीचा बाप. त्यानं फाटका शर्ट बघितला, माझ्या हातातला वस्तरा बघितला, आणि मोठ्या मनाचा माणूस, त्यानं हसण्यावारी नेलं. "परटाना नवरदेव नि एकच बाही! दुसरी काय सासरानी देवानी का?"

सगळे हसले. लोटनचं लग्न माझ्या जुन्या सदऱ्यात लागलं. अक्षता टाकताना मी त्याच्या मनगटाकडे बघत होतो. पाच लालसर वळ होते. धुतलेल्या हळदीसारखे.

७

चौथ्या दिवशी मी वकिलांकडे गेलो. फाटका शर्ट, कापलेला कफ आणि बटणं फडक्यात बांधून नेली होती. चोर म्हणतील, पोलिसात देतील, ज्याची तयारी करायची त्याची केली होती.

भर दिवसा ते दिवाणखान्याच्या मधोमध उभे होते. अंगात डबल कफाचा दुसरा शर्ट, दोन्ही कफ उघडे, लोंबणारे. उजवा हात पुढे केलेला. मला बघून त्यांनी तो सावकाश खाली घेतला.

"चार दिवस झाले, अभिमन," ते म्हणाले. "कोर्टात जायच्या वेळेला उभा राहतो. कोणी येत नाही."

मी फडकं सोडलं. सगळं सांगितलं. त्यांनी कापलेला कफ हातात घेतला, उलटसुलट केला, अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. त्यांच्या मनगटावरही वळ होते, पण फिके, उडत चाललेले.

"त्याचं नवीन लग्न आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग त्याला सांग, हात पुढे करू नको."

त्यांचा आवाज असा होता की त्यात काळजी किती आणि हेवा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कफ त्यांनी परत दिला नाही. मी उठलो तेव्हा ते पुन्हा खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. श्रावणात गेले.

उरलेले पाच शर्ट त्यांच्या भावानं मला देऊ केले. मी नाही घेतले.

८

शर्ट नाही, कफ नाही, मग काय राहिलं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत होतो. लोटन त्यानंतर कायम बंडी घालूनच फिरला. बंडीला बाहीच नसते.

पण रोज सकाळी धुण्याला निघताना तो दारात थांबायचा. उंबऱ्याच्या आत. उजवा हात थोडा पुढे करायचा आणि उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "कोठे? मी नही." त्याला खरोखर ठाऊक नसायचं. कधी क्षणभर, कधी पाणी उकळेपर्यंत. आणि त्या वेळेत पाऊल हळूच घराच्या आत, मागच्या भिंतीकडे वळायचं. तिकडे दार नाही.

हे पहिल्यांदा ओळखलं ते कमलनं. सोळा-सतरा वर्षांची पोर होती. एक दिवस ती चुलीपुढून पळत आली आणि त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तो दचकला, झोपेतून उठल्यासारखा, आणि बोचकं उचलून चालू लागला. मग रोज तसंच. बाळंतपण असो, ताप असो, भाकरी तव्यावर करपो. लोकांना वाटे, केवढी माया नवरा-बायकोची. माया होतीच.

एकदा मी तिला विचारलं, "कमल, तुला काही दिसतं का गं?"

ती पदरानं हात पुसत म्हणाली, "दिसत नही आबा. पन ती येवाना आधी मी धरस. उशीर व्हयना ते मनगट गार लागस."

तेहेतीस वर्षं तिनं उशीर केला नाही. गेल्या साली पौषात ती गेली. माझ्याकडे बघून तिनं नुसती मान हलवली, आणि मला समजलं.

तेव्हापासून मी जातो. लोटनचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या गुडघ्यांना तेवढं चालायला वेळ लागतो, म्हणून तांबडं फुटताच निघतो. म्हातारे दोघे भाऊ दारात एकमेकांचा हात धरून उभे असलेले बघून कोणी हसतं, कोणी रामराम करतं. आजवर मी वेळेत पोचलो.

आज भागाबाईला ताप होता. काढा उकळून तिला पाजला, उशाला पाणी ठेवलं, तिनंच ढकलून पाठवलं, "जाय लवकर, जाय." काठी टेकत जेवढं भराभर येईल तेवढा गेलो. उन्हं दारात आली होती.

लोटन उंबऱ्याच्या आत उभा होता. हात पुढे. मान थोडी खाली. माझी काठी वाजली तसं त्यानं वर पाहिलं आणि फार दिवसांनी, लग्नात हसला होता तसा हसला.

"ऱ्हाऊ दे भाऊ," तो म्हणाला. "आज व्हई गयं."

मी तरी त्याचं मनगट धरायला गेलो. ते गार होतं, कोणी आधीच धरलेलं; माझी बोटं टेकवायला तिथं जागाच नव्हती.